साधं खरचटलंसुद्धा नाही

रेडीकाकांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं, तर ते स्वतःच क्षणभर अडखळत. चौकातल्या फोटो स्टुडिओत त्यांची उभी हयात गेली होती आणि समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी "रेडी?" असं विचारलं होतं. माणूस काही रेडी नसायचा. कुणाचा एक खांदा वर, कुणाची मान खाली, कुणी श्वास रोखून असा बसलेला, की फोटो काढायचाय का इंजेक्शन टोचायचंय असा प्रश्न पडावा. काका ते सगळं सावरून घेत, आणि जे समोरासमोर सावरत नसे ते नंतर कॉम्प्युटरवर सावरत. ओळखपत्राच्या फोटोतला मुरूम काढायचे त्यांनी कधी जास्तीचे पैसे लावले नाहीत. "मुरूम काय, आठवड्याभरात जाणारच होता. आपण आज घालवला," म्हणायचे.

पण त्यांचा खरा हातखंडा होता तो गेलेल्या माणसांच्या फोटोंत. घरात माणूस गेला की लोकांच्या लक्षात येतं, की अरेच्चा, ह्यांचा एकही धड फोटो नाही. मग कुणी लग्नाच्या ग्रुप फोटोतलं नखाएवढं डोकं घेऊन येई, कुणी इस्पितळातल्या खाटेवरचा, नाकात नळी असलेला. काका नळी काढत, डोळे उघडत, बसलेल्या गालांवर थोडं मांस चढवत आणि अंगात कोट घालत. कोट एकच होता, काळा. त्या एका कोटात अर्धं गाव भिंतींवर लटकलं होतं. एकाने तक्रार केली, "काका, आमच्या वडिलांनी जन्मात कोट घातला नाही हो." काका म्हणाले, "मग आता तरी घालू द्या की बिचाऱ्यांना."

दुकानाची शिस्तही ठरलेली. कॉम्प्युटर जुना, त्याचं पोट भरलं की तो रुसून बसायचा. म्हणून नीट केलेला फोटो मूळ फोटोवरच ठेवून द्यायचा आणि दुकान बंद करताना कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून कोरं करायचं. मूळ फोटो हवाय कुणाला? वाईट दिसणारा फोटो परत मागायला आजवर त्यांच्याकडे कुणीही आलेलं नव्हतं.

काकांना एकच मुलगा. त्याला सगळा चौक धुरळा म्हणायचा, कारण तो मोटरसायकलवरून आला की त्याच्या आधी धूळ आणि नंतर कटकट येई. आता इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. धुरळा चांगला मुलगा नव्हता. गल्लीतल्या एका बड्या धेंडासाठी तो दुकानादुकानांतून हप्ता गोळा करायचा. वडिलांच्या दुकानाला मात्र माफी होती, आणि त्या माफीची काकांना जेवढी लाज वाटायची तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. शेजारपाजारचे दुकानदार काकांशी पूर्वीसारखेच बोलत, पण बोलणं हवापाण्यापुढे जात नसे.

काकांच्या दुकानापासून थोडं पुढे घड्याळवाल्याचं दुकान. तो आणि काका एकाच शाळेतले. घड्याळवाल्याने एकदा हप्त्याला नाही म्हटलं. धुरळ्याने त्याचा उजवा हात धरून उंबऱ्यावर ठेवला आणि शटर खाली ओढलं. हाडं जुळली, पण केसाएवढे स्क्रू फिरवणारी बोटं ती, पुन्हा काही पूर्वीसारखी झाली नाहीत. आता तो घड्याळाचे पट्टे आणि मोबाइलची कव्हरं विकतो. काका त्याला भेटायला इस्पितळात गेले, तेव्हा घड्याळवाला एवढंच म्हणाला, "तू कशाला आलास? तुझा काय दोष?" त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही. काकाही गेले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि हाच धुरळा, आईचा खांदा आखडला तेव्हा रोज सकाळी तिच्या मागे बसून तिची वेणी घालायचा. काकूंना हात वर करता येत नव्हता. वेणी वाकडी व्हायची, काकू म्हणायच्या, "अरे, ही वेणी आहे की दोरखंड?" आणि तो पुन्हा सोडून पुन्हा घालायचा. ते पाहून काका पेपरामागे तोंड लपवत, कारण त्यांना त्याच्यावर माया करायची सोय नव्हती आणि न करणं जमत नव्हतं.

पोलिसांनी त्याला चौकातूनच उचललं, आणि तेही दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या चोरीसाठी. काकांनी काउंटरच्या काचेतून पाहिलं. तो आपल्या पायांनी गाडीकडे चालत गेला, वर चढताना हवालदाराशी काहीतरी थट्टाही केली. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, की त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडल्याने मृत्यू. आता हे काही खोटं नव्हे. मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच.

गावात एक वकीलबाई होत्या. कोठडीत असे गेलेल्यांचे खटले त्या चालवायच्या, बहुतेक हरायच्या आणि तरी पुढचा घ्यायच्या. त्यांचा फोन आला. "काका, रडायला आयुष्य पडलंय. आधी कॅमेरा घ्या आणि शवागारात जा. जमतील तेवढे फोटो काढा. ते लोक त्याला लवकर हलवतील."

काका गेले. तिथल्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि विडी ओढायला बाहेर निघून गेला. काकांनी चादर बाजूला केली. डावा डोळा सुजून बंद झाला होता. जबडा एका बाजूला सरकला होता. गालावर पट्ट्याच्या बकलाची चौकट उमटली होती, आणि कपाळाच्या कडेपासून कानामागेपर्यंत जिथे जिथे म्हणून कातडं होतं तिथे तिथे कुणी ना कुणी हात धुऊन घेतला होता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. फोकस जुळवला. आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "रेडी?" आपला आवाज ऐकून ते तिथल्या थंड भिंतीला टेकले आणि बराच वेळ त्यांना दुसरा फोटो काढता आला नाही. मग त्यांनी काढले, पुष्कळ काढले.

अंत्यविधी पोलिसांच्या पहाऱ्यात उरकला. काकूंना गुंडाळलेलं कापड दिसलं, चेहरा कुणी पाहू दिला नाही. घरी आल्यावर त्यांनी काकांना समोर बसवलं. मग म्हणाल्या,

"अहो, तुम्ही पाहिलंत ना त्याला?"

"पाहिलं."

"कसा दिसत होता?"

"झोपल्यासारखा."

"मग मलाही दाखवा. फोटो काढलेत ना तुम्ही?"

काय सांगणार होते काका? ते म्हणाले, उद्या आणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. सगळ्यांत नीट आलेला एकच फोटो निवडून कॉम्प्युटरवर घेतला आणि कामाला लागले. आधी सूज उतरवली. उजवा डोळा शाबूत होता, त्यावरून डावा केला. जबडा जागेवर आणला. बकलाची खूण काढायला वेळ लागला, कारण तिथल्या कातडीचा रंगच बदलला होता. ओठांना थोडी लाली दिली. काम करताना त्यांना बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. कुणीतरी त्यांच्या मुलाला बिघडवून ठेवलं होतं आणि ते त्याला दुरुस्त करत होते. दिवेलागणीपर्यंत पडद्यावर धुरळा शांत निजलेला होता, रात्री उशिरा घरी येऊन पडायचा तसा. काकांनी तो मूळ फोटोवरच ठेवला, छापला, पाकिटात घातला. मग उठून रोजच्याप्रमाणे कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं, दिवा मालवला आणि कुलूप लावलं.

असं कसं केलं म्हणून तुम्ही कपाळाला हात लावाल. काकांनीही लावला, पण चार दिवसांनी, वकीलबाई दारात उभ्या राहून "फोटो द्या" म्हणाल्या तेव्हा. तोवर त्यांना एकदाही सुचलं नव्हतं, की ह्या वेळी वाईट दिसणाराच फोटो हवा होता. ते म्हणाले, "त्या गडबडीत कार्ड खराब झालं हो." वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मग उलट काकांच्याच खांद्यावर हात ठेवून त्यांची समजूत काढली. त्या गेल्याबरोबर काका ते कार्ड घेऊन चोरपावलांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. पण मधल्या दिवसांत परीक्षेचे अर्ज निघाले होते आणि दुकान तर चालवावंच लागतं. कार्डावर ओळखपत्रांच्या फोटोंची रांग बसली होती. दुरुस्तीवाल्याने खरवडून खरवडून जे बाहेर काढलं, त्यात कुणाकुणाची अर्धी कपाळं होती आणि कॉलरी होत्या. धुरळा त्यात कुठेच नव्हता.

इकडे गावात रान पेटलं होतं. वकीलबाईंच्या मागे एक समिती उभी राहिली. समितीची मागणी अशी, की जिथून धुरळ्याला उचललं त्या चौकाला त्याचं नाव द्यावं आणि कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढावं, म्हणजे पोलिसांना येता-जाता आठवण राहील. व्यापारी संघ म्हणाला, मेलेल्या गुंडाच्या नावाच्या चौकात आम्ही धंदा करायचा का? झालं. ज्यांना धुरळा जिवंतपणी ठाऊक नव्हता त्यांना तो आता तोंडपाठ झाला. टीव्हीवर चौकटीचौकटींत बसलेली माणसं एकमेकांवर ओरडू लागली. न्हाव्याच्या खुर्चीत दाढी अर्धी राहू लागली. समितीच्या पत्रकात लिहून आलं, की तो एक होतकरू, मनमिळाऊ, वाचनाची आवड असलेला तरुण होता. काकांनी ते दोनदा वाचलं. पेट्रोल पंपावरच्या आकड्यापलीकडे धुरळ्याने काही वाचल्याचं त्यांना आठवेना. दुसऱ्या बाजूच्या पत्रकात त्याच्या नावावर दोन खून घातले होते. त्यातला एक झाला तेव्हा तो गोवर अंगावर काढत होता आणि पहिलीत शिकत होता.

दोन्ही पत्रकं काकांनी खिशात ठेवली आणि कुणालाच काही म्हटलं नाही. सांगायचं कुणाला आणि काय? माझा मुलगा वाईट होता, पण त्याला असं मारायला नको होतं, एवढंच साधं वाक्य होतं. ते ऐकायला कुणालाच सवड नव्हती. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर एका बाजूने टाळ्या वाजवल्या असत्या आणि दुसरा अर्धा येईपर्यंत दुसरी बाजू उठून गेली असती.

अशात एक दिवस काका दुकानात असताना घरी एक बातमीदार बाई आली. चांगली मुलगी होती, काकूंजवळ बसून राहिली, त्यांना बोलू दिलं. जाताना म्हणाली, "मावशी, एखादा फोटो मिळेल?" धुरळ्याचे बाकीचे सगळे फोटो मोटरसायकलवरचे, गॉगल लावलेले, तोंडात सिगरेट. काकूंना ते नको होते. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. "हा तुझ्या मोबाइलवर उतरवून घे. ह्यांनीच काढलाय, तिथे शवागारात. बघ कसा शांत दिसतोय माझा लेक."

दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. त्याच दिवशी मोठे पोलीस अधिकारी टीव्हीवर आले. त्यांनी पेपर कॅमेऱ्यासमोर धरला आणि फार शांतपणे सांगितलं, "हा आमचा फोटो नाही. मृत्यूनंतर वडिलांनी स्वतः काढलेला आहे, असं आईच सांगते. तुम्हीच पाहा. साधं खरचटलंसुद्धा नाही."

काका दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर उभे होते. समोर एक बाई मुलीचा फोटो काढायला थांबली होती. ती म्हणाली, "काका, पाणी देऊ का?"

संध्याकाळी वकीलबाई घरी आल्या. कधी आवाज न चढवणारी बाई, त्या दिवशी तिचा आवाज चढला होता. "काका, तुम्ही म्हणालात कार्ड खराब झालं. मग हा फोटो कुठला?" काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माउलीने त्या फोटोवर दिवस काढले होते. उशीखाली ठेवायची, सकाळी पुसून पुन्हा कपाटात. तिला एवढीच एक गोष्ट ठाऊक होती, की शेवटी तो झोपल्यासारखा होता.

"तिथलाच," काका म्हणाले. "एवढा एकच वाचला."

"त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं?"

"अंधार होता."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बोलावं तर बायकोच्या डोळ्यांसमोर पोराचं तोंड फुटणार, न बोलावं तर त्याला कुणी मारलंच नव्हतं. वकीलबाई निघून गेल्या. त्यांच्या समितीने मग पवित्रा बदलला. मार अंगावर होता, पोलीस तोंडावर मारत नसतात, ते हुशार असतात, असं त्यांचे लोक सांगू लागले. आणि फोटो तर आता घरोघरी पोचलाच होता, दिसायलाही देखणा होता, म्हणून समितीने तोच मोठा करून पोस्टरांवर छापला. काकांचं काम इतकं सफाईचं होतं, की खांबाएवढं मोठं केलं तरी कुठे जोड दिसत नव्हता. दुकानात येता-जाता त्यांना आपल्या हाताची करामत बघावी लागे.

ठराव नगरपालिकेच्या सभेत आला. सभागृह तुडुंब भरलं. काकू पहिल्या रांगेत बसल्या, त्यांना समितीने मानाने बसवलं होतं. काका त्यांच्या शेजारी. एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येक जण काकूंकडे बघून "ह्या माउलीला विचारा" म्हणत होता, पण विचारत कुणीच नव्हतं.

मग घड्याळवाला उठला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने उजवा हात वर केला, तो पूर्ण उघडत नव्हता.

"त्याला मारलं असेल तर ते वाईटच झालं," तो म्हणाला. "मी पोलिसांची बाजू घेत नाही. पण मी रोज सकाळी ह्या हाताने शटर वर करतो. समोरच्या भिंतीवर त्याचं तोंड असणार. मी कुठे बघायचं ते सांगा." आणि तो खाली बसला. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. काकांना वाटलं, आजवर जे जे बोलले त्यात एवढाच एक खरं बोलला, आणि नेमका तो आपल्या विरुद्ध.

पण त्याच्या मागून व्यापारी संघाचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी पोस्टरच उलगडलं. "भावनेचं राहू द्या. सरळ हिशोब करू. ह्या पोराला मारून टाकलं म्हणता. कुठे मारलं? दाखवा. हा फोटो तुमचाच ना? मला तर हा सुट्टीवर गेलेला दिसतोय." मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

ते हसणं काकांना सोसलं नाही. बाकी सगळं सोसलं असतं. ते उठले. त्यांनी पुढचा कठडा धरला.

"फोटो मी केलाय," ते म्हणाले.

"काढलाय, माहीत आहे आम्हाला."

"काढलाय नव्हे. केलाय. असा नव्हता तो. डोळा बंद झाला होता त्याचा. जबडा मोडला होता. मी सगळं काढून टाकलं. हिला दाखवायचा होता म्हणून."

हसणं थांबलं. काकांना वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. किती भाबडा माणूस! अध्यक्षांनी पोस्टर हळूहळू गुंडाळलं आणि विचारलं, "मग मूळ फोटो कुठे आहे?"

"नाही. पुसला."

"तुम्ही पुसला."

"हो. मीच."

"वा! म्हणजे काल फोटो खरा होता, आज खोटा. उद्या काय म्हणाल? आणि पुरावा होता, पण तो तुम्हीच नाहीसा केलात. अहो, निदान खोटं तरी जमवून बोला." आता हसणं सगळीकडून आलं. काका समितीकडे वळले. निदान ते तरी उठतील. पण तिथे कुणी कुणाच्या कानात बोलत होतं, कुणी मान खाली घातली होती, आणि वकीलबाई पुटपुटत होत्या, "काका, खाली बसा. कृपा करून खाली बसा. खटला गेला आपला." इतक्या माणसांत घड्याळवाला तेवढा त्यांच्याकडे सरळ बघत होता. त्याने नुसती मान हलवली, म्हणजे त्याला पटलं होतं. पण मतांसाठी नगरसेवकांचे हात मोजले तेव्हा तो ठरावाच्या विरोधात असणाऱ्यांच्याच बाजूला जाऊन उभा राहिला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. ठराव फेटाळला गेला.

काकूंकडे बघायचं धाडस काकांना घरी पोचेपर्यंत झालं नाही. त्या रडतील, ओरडतील, निदान बोलणं टाकतील असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी घरी येऊन कपडे बदलले, भांडी घासली, कपाटातलं पाकीट काढून ते काकांच्या मेजावर ठेवलं आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. बोलल्या पूर्वीसारख्याच. दूध संपलंय, नळाला पाणी नाही, एवढंच. काकांनी दोनदा सुरुवात केली, "अगं, मला वाटलं की..." दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "राहू द्या आता." रागावल्या असत्या तर माफी तरी मागता आली असती. दुकानातही गिऱ्हाईक कमी झालं. एक म्हातारे गृहस्थ बायकोचा फोटो नीट करायला घेऊन आले आणि दारातूनच परत वळले. जाता जाता म्हणाले, "नको. असू दे आहे तसाच."

समिती मात्र बसून राहिली नाही. ठराव गेला तरी रोष होताच, आणि काकांनी सभेत जे सांगितलं त्याचं काहीतरी करायला हवं होतं. पंधरवड्यात चौकात नवी पोस्टरं लागली. फोटो तोच, काकांनी केलेला. त्यावर समितीतल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर मार चढवला होता. कपाळावरून रक्ताचा ओघळ, दोन्ही डोळ्यांखाली काळं, ओठाच्या कोपऱ्यातून थेंब. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे आहे सत्य.' काका पोस्टरसमोर उभे राहिले. एकही खूण जागेवर नव्हती. उजव्या डोळ्याला काही झालं नव्हतं, तो ह्यांनी काळा केला होता. कपाळ शाबूत होतं मधोमध, तिथेच चिरलं होतं. पोराचा झोपलेला चेहरा खोटा, आणि आता त्याच्या जखमाही खोट्या. ह्यात त्याचं स्वतःचं असं काही राहिलंच नव्हतं. काकांनी पोस्टराचा कोपरा नखाने उचकटायला घेतला, तर पलीकडून एकजण ओरडला, "ओ, हात लावू नका! तुम्हाला लाज वाटत नाही का?" तो काकांना ओळखत नव्हता. काका हात खिशात घालून निघाले.

घरी येऊन बघतात तर काकू खिडकीशी खुर्चीत बसलेल्या. बाजारातून येताना त्यांनी पण ते पोस्टर पाहिलं होतं. भाजीची पिशवी तशीच दाराशी पडली होती.

"असं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कसं होतं?"

काकांनी तोंड उघडलं, पण त्यांना सांगता येईना. जे सभागृहभर माणसांना सांगितलं होतं ते हिच्या डोळ्यांत बघून कसं सांगणार? "अगं, काय करायचंय तुला ते," ते म्हणाले. "बघवलं नसतं तुला."

"माझं लेकरू होतं ते," काकू म्हणाल्या. "त्याने सोसलं. मला नुसतं बघायचंही नाही का? तुम्ही ठरवलंत, पोलिसांनी ठरवलं, आता ती पोस्टरवाली माणसं ठरवतायत. मीच एकटी राहिले, जिला त्याचं तोंड ठाऊक नाही."

त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला. खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर आणली आणि चेहरा पुढे केला.

"इथे दाखवा," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर. कुठे कुठे होतं ते."

काकांनी हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी एक बोट काकूंच्या डाव्या डोळ्याखाली टेकवलं. "इथे. सगळा सुजला होता."

"आणखी?"

"इथे." बोट गालावर आलं. "पट्ट्याने मारलं होतं."

"आणखी?"

"हे हाड. हे सरकलं होतं."

काकूंनी डोळे मिटले नाहीत. काकांचं बोट कानामागे जाऊन पोचलं आणि त्यांनी हात मागे घेतला. काकूंनी त्यांचं मनगट पकडलं आणि तो हात ओढून पुन्हा आपल्या तोंडावर ठेवला.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "अजून कुठे?"